जिन्यात आलेलं उत्तर

"नाव काय तुझं?" खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं. चांगलं विचारलं त्यांनी, अगदी हसून. माझा भाचा बावीस वर्षांचा आहे, ताईपेक्षा वीतभर उंच, हनुवटीवर दाढीचे खुंट. बालवाडीतल्या पोराशी बोलतात तो सूर लावला, एवढंच. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे आवाज-उजेड जाणवण्याची आणि माणसांशी बोलण्याची रीत जन्मापासून वेगळी; मदतीसाठीचा फॉर्म भरायला ताई आणि मी त्याला त्या कार्यालयात घेऊन गेलो होतो. तो बाईंकडे बघत नव्हता. काउंटरच्या कडेची लाकडी पट्टी एका जागी सुटली होती, त्या फटीवरून तो बोट फिरवत होता, पुढे आणि मागे. बाईंनी एक श्वास घेतला, सोडला आणि ताईकडे वळल्या. "बोलत नाही का?" ताईने तोंड उघडेपर्यंत त्यांचं पेन फॉर्मवरच्या चौकोनात उतरलंही होतं. मग पुढचे सगळे प्रश्न ताईलाच. स्वतःच्या हाताने जेवतो का, आंघोळीला मदत लागते का, रस्ता ओलांडतो का, कुणाला मारतो का. तो शेजारीच उभा होता. पाऊण तासाने शिक्का बसला आणि आम्ही निघालो. एक जिना उतरून दुसऱ्याच्या वळणावर आलो तेव्हा भाचा थांबला, भिंतीकडे तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करत आपलं पूर्ण नाव म्हणाला. मग जन्मतारीख. मग टोकन नंबर, सत्तेचाळीस.

मी म्हटलं, "ताई, चल, परत वर जाऊ."

ताईने फाइल काखेत घट्ट धरली. "राहू दे," म्हणाली. "फॉर्म भरून झालाय."

या गोष्टीला आता काही महिने झाले. ती सांगायला घेतली की ऐकणाऱ्याला त्या बाईंचा राग येतो, आणि तिथे माझी पंचाईत होते. कारण मला त्यांचा राग आलेला नाही. बाहेर बाकांवर साठ-सत्तर माणसं होती, भिंतीवरच्या फलकावर लाल आकडा दर चार मिनिटांनी बदलत होता, आणि त्यांच्या दीड पानी फॉर्ममध्ये 'बोलतो' आणि 'बोलत नाही' असे दोनच चौकोन होते. 'उशिरा बोलतो' असा चौकोन नव्हता. 'पंखा बंद केल्यावर बोलतो' असा तर नव्हताच.

पंख्याचं सांगायला हवं. खिडकी क्रमांक चारच्या बरोबर वर एक पंखा होता आणि दर फेऱ्याला तो 'खट्' असा आवाज करत होता. मला तो त्या दिवशी ऐकू आला नव्हता. पंधरा दिवसांनी कागद आणायला मी एकटी गेले, तेव्हा मुद्दाम कान देऊन उभी राहिले, तेव्हा आला. ज्या वळणावर भाचा थांबला होता तिथे जाऊनही उभी राहिले. तिथे तो ऐकू येत नाही. म्हणजे तो बोलला ते आवाज संपल्यावर. घरी त्याला प्रश्न विचारला तर उत्तराला दहा-बारा सेकंद लागतात. त्याहून जास्त लागले तर आम्ही समजतो की खोलीत आम्हाला न कळणारं काहीतरी चालू आहे. आमच्या घरचे पंखे इलेक्ट्रिशियन त्याच्या तक्रारीवरून तपासतो. भाचा कानावर हात ठेवून एखाद्या खोलीत जायचं बंद करतो आणि आठवड्याभरात तिथलं बेअरिंग जातं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचंही तसंच. पन्नास हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. बहुतेकांच्या डोळ्यांना तो सलग उजेड वाटतो, पण ऑटिझम असलेली काही माणसं सांगतात की ते मिणमिणणं त्यांना जाणवतं आणि छळतं. १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरच्या आपल्या निबंधात ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यांतल्या काहींना लिफ्टचा, व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज सहन होत नव्हता. हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. ही संवेदनांची बाब अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत निकष म्हणून ठळकपणे यायला मात्र २०१३ साल उजाडलं. सत्तर वर्षं! आणि पुस्तिकेतून ती एखाद्या कार्यालयाच्या छतापर्यंत पोचायला आणखी किती लागतील, कोण जाणे.

आपल्या भाषेत या सगळ्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द दिसायला देखणा आहे. एखाद्या कवीला किंवा समाधी लागलेल्या साधूला शोभेल असा. मूळ शब्दही त्याच अर्थाचा. ऑयगन ब्लॉयलर नावाच्या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी तो १९११च्या आसपास वापरला, तोही भलत्याच आजाराच्या एका लक्षणासाठी, आणि पुढे तो या मुलांना चिकटला. पण माझा भाचा स्वतःत मग्न असतो असं मला कधी वाटलं नाही. तो पंख्यात असतो, फटीत असतो, लाल आकड्यात असतो, रांगेतल्या कुणाच्या तरी चपलेच्या चर्रर्र आवाजात असतो. त्याच्याइतकं जगात गुंतलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. स्वतःत मग्न आम्ही होतो. आम्हाला पंखा ऐकू आला नव्हता. डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये हेच नीट मांडलं: दोन वेगळ्या घडणीची माणसं समोरासमोर येतात तेव्हा न समजण्याचा दोष दोन्ही बाजूंचा असतो, पण तपासणी मात्र एकाच बाजूची होते. बाईंना तो कळला नाही, याची नोंद कुठल्या चौकोनात करायची?

त्या दीड पानी फॉर्मवरून मला ३३ पानांचं एक पत्र आठवत राहतं. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातल्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाबद्दल कॅनरना ते टाइप करून पाठवलं होतं. मुलाला काय आवडतं, काय फिरवत बसतो, कशाला घाबरतो, कुठले शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, सगळं. हा मुलगा म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट, कॅनरच्या निबंधातली पहिली नोंद. त्याआधी डोनाल्डला घरापासून दूर एका संस्थेत ठेवून झालं होतं. तेव्हा सल्ला तोच मिळायचा, की ठेवा आणि विसरा. आईवडिलांनी वर्षभराने त्याला परत आणलं. पुढे तो कॉलेजला गेला, बँकेत कॅशियरच्या खिडकीमागे बसला, गाडी चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. त्याची एक गोष्ट गावात प्रसिद्ध होती. शाळेत मुलांनी त्याला विचारलं, या इमारतीच्या भिंतीला विटा किती? त्याने क्षणात आकडा सांगितला आणि मुलं थक्क झाली. कितीतरी दशकांनी पत्रकारांनी खोदून विचारल्यावर कळलं, की आकडा त्याने आपल्या मनाने ठोकून दिला होता. मुलांना आपल्याविषयी चांगलं वाटावं म्हणून.

मला ही गोष्ट वाचली तेव्हा आधी हसू आलं आणि मग पोटात तुटलं. ज्याला माणसांचं काही पडलेलं नसतं अशी त्याची ख्याती, त्याने मित्र हवेत म्हणून चक्क थाप मारली.

पण डोनाल्डची गोष्ट ऐकून हुरळून जायचं नाही, हे मला ताईने शिकवलं. मी ती उत्साहाने सांगितली तेव्हा तिने एकच विचारलं, "बँक कुणाची होती?" बँक त्याच्या आईच्या माहेरची होती. गावाने त्याला सांभाळून घेतलं हे खरंच, आणि त्या सांभाळण्याचं कौतुक कमी नाही, पण गावातली निम्मी माणसं त्याच बँकेच्या दारात कर्ज मागायला उभी असणार हेही खरं. सरकारी धोरण ही काय भानगड असते, हे मला तिच्या त्या प्रश्नाने जितकं कळलं तितकं कुठल्याही अहवालाने कळलं नसतं. ज्याच्या आजोबांची बँक नाही त्याला तेवढंच मिळावं, यासाठी धोरण लागतं.

आणि आता त्या 'राहू दे'कडे यायला हवं. ते मी टाळते आहे, कारण त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला आणि कळला तेव्हा आवडला नाही. ताई दमली होती, म्हणून नव्हती म्हणाली ती. 'बोलत नाही' या चौकोनावर खूण झाली की मदत जास्त मिळते. वर जाऊन सांगितलं असतं की बोलतो, नाव सांगतो, तारीख सांगतो, टोकन नंबरसुद्धा पाठ आहे, तर पुढच्या वर्षी तपासणाऱ्याने म्हटलं असतं, मग कशाला हवी मदत? मदत वाटणाऱ्या बहुतेक व्यवस्था माणसाचा सर्वांत वाईट दिवस मागतात. जगात कुठेही जा, या मुलांच्या आया हे एकमेकींना हळू आवाजात सांगतात: जाशील तेव्हा त्याचा वाईट दिवस सांग. ताईने बावीस वर्षं त्याच्या एकेका शब्दासाठी जीव टाकला. पहिल्यांदा 'पाणी' म्हणाला तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून रडली होती. पाच वर्षांचा होता तेव्हा तो. आणि आता तोच पोरगा जिन्यात उभा राहून स्वच्छ आवाजात स्वतःचं नाव सांगतो, तर तिला ते दडवावं लागतं. हे लबाडी म्हणून कुणी मोजलं तर मोजो. मला त्या फॉर्मची लाज वाटते.

आणि भाच्याचं काय? आईने 'राहू दे' म्हटलेलं त्याने ऐकलं. त्याचा अर्थ त्याने काय लावला असेल, मला माहीत नाही.

वाट बघणं हा या घरांचा स्थायीभाव असतो. आधी कळण्याची वाट: मूल हाक मारल्यावर वळत का नाही, कानाची तपासणी, 'मुलगे उशिराच बोलतात', मग तज्ज्ञाच्या भेटीची तारीख, ती पुढे ढकललेली. श्रीमंत म्हणवणाऱ्या देशांतही निदानासाठी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. मग थेरपीची वाट, मग शाळेची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. म्हणजे त्या दिवशी त्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर मिळून जितकी माणसं होती, त्यांत सरासरीने दोघं-तिघं. हे काही दुर्मीळ प्रकरण नव्हे, रोजच्या रांगेतली गोष्ट आहे. तरी प्रत्येक घर पहिल्यापासून सुरुवात करतं, जणू याआधी कुणाला असं मूल झालंच नव्हतं.

आयांच्या वाट्याला तर याआधी आणखी वाईट आलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला मोठमोठे तज्ज्ञ सांगत, की मूल असं झालं ते आई बर्फासारखी थंड म्हणून. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते, पण त्याहूनही अशा एका मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये पुराव्यानिशी ते खोडून काढलं. हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसतं. काम सुरू होतं ते कुणाच्या तरी घरातून. लंडनमध्ये १९६२ साली काही आईबापांनी एकत्र येऊन संस्था काढली, कारण त्यांच्या मुलांना शाळा घेईनात. सिबिल एल्गर नावाच्या शिक्षिका तेव्हा घराच्या तळघरात अशी थोडी मुलं शिकवत होत्या. १९६५ मध्ये त्यांच्या हाताखाली ईलिंगला शाळा उभी राहिली. मुलं मोठी झाली तशी एल्गरबाईंना पुढचं दिसलं असणार, कारण १९७४ मध्ये याच मंडळींनी सॉमरसेटमध्ये मोठ्यांसाठी राहण्याची जागा काढली. मला त्यांचा हा दुसरा निर्णय जास्त मोलाचा वाटतो. लहान मुलाच्या गोड चेहऱ्यासाठी पैसे जमतात. दाढी आलेल्या, उंच, मध्येच मोठ्याने आवाज काढणाऱ्या तरुणासाठी जमत नाहीत.

अमेरिकेत अपंग मुलांसाठी शाळा ही १९७५च्या कायद्याने हक्काची गोष्ट झाली आणि १९९० मध्ये त्या कायद्यात ऑटिझमचं नाव स्वतंत्रपणे आलं. पण हक्क शाळेचा, म्हणून शाळेबरोबर संपणारा. बाविसाव्या वाढदिवसाच्या आसपास शाळा संपते आणि तिथले आईबाप म्हणतात, आमचं मूल कड्यावरून पडलं. भाच्याची शाळा सुटली त्या महिन्यात ताईकडे गेले होते. तो सकाळी नेहमीच्या वेळी दप्तर लावून दारात उभा राहायचा. आठ वाजून दहा मिनिटांनी यायची ती बस. साडेनऊपर्यंत उभा राहायचा. असं अठरा दिवस. ताईने त्याला चित्रांची पट्टी करून दाखवली, शाळेच्या चित्रावर फुली मारली, तिच्या शेजारी काय लावायचं ते तिला सुचेना. चित्रांची ही पट्टी तिला कुणी शिकवली ते तिला आठवत नाही, पण अशा पद्धती रुजल्या त्या मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांच्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कामातून. तिथल्या विधिमंडळाने १९७२ मध्ये त्यांचा उपक्रम राज्यभर लागू केला आणि त्यात आईबापांना उपचारांतले भागीदार मानलं होतं. एका विधिमंडळातला ठराव पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी घरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला दिसतो. फक्त फुली मारलेल्या चौकोनाशेजारचा चौकोन भरायला कुठल्या ठरावाची वाट बघायची? 'आमच्यानंतर कोण' हा प्रश्न लोक फार मोठ्या आवाजात विचारतात. ताई विचारत नाही. तिचा प्रश्न उद्या सकाळी आठ दहाचा असतो.

इंग्लंडमध्ये २००९ साली खास ऑटिझमचा कायदा झाला. एकाच प्रकारच्या अपंगत्वासाठी तिथे झालेला हा पहिलाच कायदा, आणि तो मोठ्यांसाठी होता. सरकारने प्रौढांसाठी धोरण आखलंच पाहिजे, असं त्याने बंधन घातलं. कायद्याने जादू झाली नाही, रांगा तिथेही आहेत. पण त्याच देशातली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा २०१६ मध्ये रुग्णालयात वारला. त्याला एक मनोविकारावरचं औषध दिलं गेलं, ते नको असं तो स्वतः आणि त्याचे आईवडील सांगत असताना. त्याच्या आईने लढा दिला आणि २०२२ मध्ये कायदा झाला, की आरोग्य आणि देखभाल सेवेतल्या कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अपंगत्वाबद्दल प्रशिक्षण घ्यावंच लागेल. ते देणाऱ्यांत स्वतः ऑटिस्टिक माणसं असतात. मुलगा सांगत होता. नको म्हणत होता. ऐकण्याचं प्रशिक्षण द्यायला कायदा लागला, आणि कायद्याला एक मुलगा.

दोन एप्रिलला, जागतिक ऑटिझम जागरूकता दिनी, इमारती निळ्या दिव्यांनी उजळतात. भाच्याला निळा आवडतो, म्हणून आम्ही बघायला जातो. गर्दी व्हायच्या आत परत येतो. मला त्यापेक्षा सूर्यफुलांच्या हिरव्या पट्ट्याची कल्पना आवडली. ती २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर निघाली: न दिसणारं अपंगत्व असलेल्या माणसाने गळ्यात ती पट्टी घालायची, म्हणजे कर्मचाऱ्याला कळतं की याला थोडा जास्त वेळ द्यायचा आहे. मी उत्साहाने ताईला सांगितलं. ती म्हणाली, "पट्टी त्यानेच का घालायची?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही. पण खरं बोलायचं तर मी तीही घेईन. सगळ्यांनाच थोडा जास्त वेळ मिळेल त्या दिवसापर्यंत कोण थांबणार? आणि मी तरी कुठे थांबते? त्या दिवशी खिडकीपाशी बाईंनी नाव विचारल्यावर, त्यांचं पेन टेकण्याच्याही आधी, माझ्या ओठांवर त्याचं नाव आलं होतं. नशीब, उच्चारलं नाही. दर वेळी गिळतेच असं नाही.

मध्यंतरी पुन्हा पत्र आलं. सहा महिन्यांनी फेरतपासणी, तीच इमारत. ताईने चित्रांची नवी पट्टी केली: बस, जिना, बाक, खिडकी, जिना, बस, घर. भाच्याने ती बराच वेळ पाहिली आणि 'खिडकी'च्या चित्रावर बोट ठेवलं. आम्ही दोघी काही न बोलता थांबलो. तो म्हणाला, "पंखा." मग रोज सकाळी म्हणायला लागला. पंखा. पंखा. आठव्या दिवशी मी त्या कार्यालयाला फोन लावला. तीनदा उचलला नाही, चौथ्यांदा एका गृहस्थांनी उचलला. मी म्हटलं, "तुमच्याकडे चार नंबरच्या खिडकीवरचा पंखा दुरुस्त झाला का, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे शांतता. मागे कुठेतरी टोकनचा नंबर पुकारल्यासारखं ऐकू आलं. ताई कपड्यांच्या घड्या घालायची थांबली. भाचा फरशीच्या जोडावरून पायाचा अंगठा फिरवत होता, पुढे आणि मागे. मी काही बोलले नाही, मोजत राहिले. नऊ. दहा. अकरा.

"थांबा हं मॅडम," गृहस्थ म्हणाले, "बघून येतो."